‘हॅव’ शिकताना आणि शिकवताना

इंग्रजी शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीलाच भेटणारे आणि पुढे कित्येक वर्षे पुरते न उलगडणारे क्रियापद कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी ‘हॅव’चे नाव घेईन. ‘बी’ हे क्रियापदही अवघड आहे, पण त्याची अडचण रूपांची आहे. ॲम, इज, आर, वॉज, वेअर ही रूपे एकदा जिभेवर बसली की मराठीतले ‘असणे’ त्याला बऱ्याच ठिकाणी सांभाळून घेते. ‘गेट’ आणि ‘टेक’ यांचे अर्थ पुष्कळ आहेत, पण ‘मिळणे’ आणि ‘घेणे’ ही आपली क्रियापदे त्यांच्या जवळपास तरी जातात. ‘हॅव’च्या बाबतीत तसे होत नाही. शब्दकोश ‘जवळ असणे’ असा अर्थ देतो, विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतो, आणि दोनचार वाक्यांतच तो अर्थ तोकडा पडतो, कारण या एका इंग्रजी क्रियापदाच्या जागी मराठीत वाक्य रचण्याच्या पाचसहा निरनिराळ्या रीती आहेत आणि त्यांपैकी एकही दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

कोल्हापुरात मी संध्याकाळच्या वर्गात नोकरी-धंदा करणाऱ्या प्रौढांना इंग्रजी शिकवते. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत काम करणारे तरुण, हुपरीचे चांदी कारागीर, नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या मुली, मुलांचा अभ्यास घरी घेता यावा म्हणून येणाऱ्या गृहिणी, अशी ही मंडळी असतात. शाळेत सगळ्यांनी इंग्रजी विषय घेतलेला असतो आणि ‘आय हॅव अ पेन’ हे वाक्य त्यांना न अडखळता येते. पण स्वतःविषयी बोलायची वेळ आली की ‘माय टू ब्रदर्स आर देअर’, ‘मनी इज नॉट विथ मी’, ‘आय ॲम हॅविंग फीव्हर’ अशी वाक्ये ऐकू येऊ लागतात. ही वाक्ये निष्काळजीपणातून आलेली नसतात. प्रत्येकामागे एक चोख मराठी वाक्य उभे असते, आणि ते कोणते हे ओळखल्याशिवाय नुसते इंग्रजी वाक्य दुरुस्त करून काहीही साधत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

‘मला दोन भाऊ आहेत’ याचे इंग्रजी ‘आय हॅव टू ब्रदर्स’ असे होते, हे सांगितल्यावर फाउंड्रीतल्या एका तरुणाने विचारले होते, “मॅडम, पण ह्याचा अर्थ ‘माझ्याकडं दोन भाऊ हाईत’ असा न्हाई का होत? मला भाऊ हाईत, पण माझ्याकडं न्हाईत. ते पुण्याला असतात.” सगळा विषय त्या प्रश्नात आला होता. ‘हॅव’ म्हणजे ‘जवळ असणे’ हा अर्थ त्याने मनापासून मानला होता, म्हणूनच पुण्यात राहणारे भाऊ त्याला ‘हॅव’मध्ये बसवता येईनात. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे वाक्य नाते सांगते. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ हे वाक्य मुक्काम सांगते, आणि धाकटे भाऊ शिकण्यासाठी थोरल्याच्या घरी राहिले असतील तरच ते शोभते. नाते सांगताना इंग्रजीला ‘हॅव’ पुरते. मुक्काम सांगायचा असेल तर तिला ‘माय ब्रदर्स आर स्टेइंग विथ मी’ असे वेगळे वाक्य करावे लागते. त्या तरुणाची शंका मराठीच्या बाजूने अगदी रास्त होती, आणि तिचे उत्तर इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात सापडणारे नव्हते.

म्हणून ‘हॅव’ शिकवताना मी आधी मराठी वाक्येच फळ्यावर लिहिते. नाते ‘ला’ घेते: मला मुलगी आहे, तिला नणंद नाही. एखाद्या गोष्टीचा अंगभूत भागही ‘ला’ घेतो: बैलाला शिंगे असतात, राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, अंबाबाईच्या मंदिराला चारही बाजूंनी दरवाजे आहेत. जी वस्तू उचलता येते, दुसऱ्याला देता येते, हरवू शकते, ती ‘कडे’, ‘जवळ’ किंवा ‘पाशी’ असते, आणि या शब्दांतही आपण फरक करतो. ‘माझ्याजवळ पाचशे रुपये आहेत’ असे कोणी म्हटले तर ते या क्षणी त्याच्या खिशात असावेत अशी आपली समजूत होते. ‘माझ्याकडे पाचशे रुपये आहेत’ असे म्हटले तर ते घरी कपाटात असले तरी वाक्य खोटे ठरत नाही. जमीन कोणाच्या जवळ नसते, ती जिथे आहे तिथेच असते, म्हणून ‘आमची करवीर तालुक्यात शेती आहे’, ‘त्यांचे कसबा बावड्यात घर आहे’ असे आपण षष्ठी वापरून सांगतो. गुण माणसाच्या आत असतो: त्याच्यात जिद्द आहे, तिच्या अंगात कला आहे. तालमीत घुमणाऱ्या पोराविषयी इथे ‘त्याच्या अंगात रग आहे’ असे म्हणतात. ‘त्याच्याकडे रग आहे’ हे वाक्य कोल्हापुरात कोणाच्या तोंडी येणार नाही. कधी तर गुण संपूर्ण माणसालाही न देता आपण एखाद्या अवयवाला देतो, जसे ‘तिच्या हाताला चव आहे’. या शेवटच्या वाक्याला ‘हॅव’ लावून पाहण्याचा मोह वर्गात हमखास होतो, पण ‘हर हँड हॅज टेस्ट’ या शब्दांतून इंग्रजी वाचकाला काहीही बोध होत नाही. तिथे ‘शी इज अ वंडरफुल कुक’ असे सरळ म्हणावे.

यानंतर त्याच फळ्यावर इंग्रजी वाक्ये लिहिली की वर्ग थोडा वेळ गप्प होतो. आय हॅव अ डॉटर, अ बुल हॅज हॉर्न्स, द डॅम हॅज सेव्हन गेट्स, आय हॅव फाइव्ह हंड्रेड रुपीज, वी हॅव सम लँड, ही हॅज ग्रिट. मुलगी, शिंगे, दरवाजे, नोटा, शेत आणि जिद्द या सगळ्यांना एकच क्रियापद आणि एकच रचना. माणूस असो, बैल असो की धरण असो, ज्याचे काही आहे तो वाक्याच्या सुरुवातीला कर्त्याच्या जागी बसतो आणि जे आहे ते त्याच्यामागून कर्म होऊन येते. मराठीत वाक्याला हात घालताना आपण नकळत एक प्रश्न सोडवत असतो: ही गोष्ट त्या माणसाच्या संदर्भात नेमकी कुठे आहे? त्याला लागून आहे, बाजूला आहे, आत आहे, की त्याच्या नावावर आहे? इंग्रजी ‘हॅव’ हा प्रश्न विचारतच नाही. तेव्हा ‘हॅव’ शिकणे म्हणजे नवा अर्थ पाठ करण्यापेक्षा बालपणापासून अंगवळणी पडलेला हा प्रश्न तेवढ्यापुरता बाजूला ठेवायला शिकणे आहे. हे विद्यार्थ्याला स्पष्ट शब्दांत कोणी सांगत नाही, आणि मला वाटते ते पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

आजाराच्या वाक्यांत ही गोष्ट आणखी ठळक होते. ‘मला ताप आला, सर्दी झाली, पडसे झाले’ या वाक्यांत क्रियापदाचे लिंग आजाराप्रमाणे बदलते. आजारी पडलेली व्यक्ती बाई आहे की पुरुष याची क्रियापदाला फिकीर नसते, कारण वाक्याची सूत्रे ताप आणि सर्दी यांच्या हातात असतात आणि माणूस ‘ला’ प्रत्यय घेऊन एका बाजूला उभा असतो. मराठीत ताप येतो आणि उतरतो. बरे, समोर रुग्ण दिसत असेल तर त्याचा उल्लेखही लागत नाही; “ताप आहे का?” एवढेच पुरते. इंग्रजीत परिचारिकेला ‘डू यू हॅव अ फीव्हर?’ असे विचारताना रुग्णाला कर्ता करावाच लागतो, जणू ताप ही त्याने बाळगलेली वस्तू आहे. नर्सिंगच्या मुलींकडून ‘पेशंट इज फीव्हर’ असे वाक्य येते ते इथूनच. ‘पेशंटला ताप आहे’ यातला ‘आहे’ त्यांच्या कानात इतका स्पष्ट वाजत असतो की ‘इज’ आल्याशिवाय वाक्य पूर्ण झाल्यासारखे त्यांना वाटत नाही.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ या सर्वांच्या परिचयाच्या वाक्याचे मूळही माझ्या मते बरेचसे इथेच आहे. व्याकरणाची पुस्तके सांगतात की मालकी किंवा नाते या अर्थी ‘हॅव’ला ‘इंग’ लागत नाही, कारण ती अवस्था आहे, चालू असलेली क्रिया नव्हे. नियम खरा आहे, पण चूक का होते हे तो सांगत नाही. नात्याची, मालकीची, आजाराची आपली सगळी वाक्ये ‘आहे’ वर संपतात. विद्यार्थ्याला ‘आहे’ साठी ‘ॲम’ हवा असतो आणि शिक्षकाने शिकवलेला ‘हॅव’ही टाकवत नाही, तेव्हा दोन्ही ठेवून ‘ॲम हॅविंग’ तयार होते. त्यातून हेच ‘हॅविंग’ दुसऱ्या ठिकाणी अगदी बरोबर असते, त्यामुळे गोंधळ वाढतो. ‘आय ॲम हॅविंग टी’ हे वाक्य निर्दोष आहे, कारण तिथे ‘हॅव’चा अर्थ पिणे आहे आणि पिणे ही घडत असलेली क्रिया आहे. ‘वी आर हॅविंग अ मीटिंग’ हेही बरोबर आहे. मी वर्गाला एक कसोटी देते: ‘हॅव’च्या जागी खाणे, पिणे, घेणे, भरवणे असे एखादे करण्याचे क्रियापद मराठीत येत असेल तर ‘हॅविंग’ चालते, आणि नुसते ‘आहे’ येत असेल तर चालत नाही. प्रसूती विभागात काम करणाऱ्या मुलींना हा फरक एकाच जोडीत समजतो. ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला बाळ आहे. ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला बाळ होणार आहे किंवा ती प्रसूत होत आहे. त्या विभागात या दोन वाक्यांची अदलाबदल होऊन चालत नाही.

कोल्हापुरात राहणाऱ्याला या विषयाची आणखी एक बाजू आपोआप दिसते, ती कन्नडची. निपाणी, चिकोडी भागातून बाजाराला आणि दवाखान्याला येणाऱ्या लोकांचे बोलणे आपण रोज ऐकतो. ‘नन्न हत्तिर दुड्डु इदे’ म्हणजे माझ्या जवळ पैसे आहेत, आणि ‘ननगे ज्वर इदे’ म्हणजे मला ताप आहे. कन्नड द्राविडी कुळातली आणि मराठी इंडो-आर्यन कुळातली, तरी ‘जवळ’ आणि ‘ला’ यांची वाटणी दोघींनी जवळपास सारखीच केली आहे, आणि ‘हॅव’सारखे क्रियापद दोघींनाही लागलेले नाही. भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, म्हणजे वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा इथे शेजाराने एकमेकींसारख्या झाल्या आहेत, ही मांडणी भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1956 मध्ये केली. पुढे आपल्या शेजारच्याच सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास 1971 मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते गाव माहीत झाले. तिथे मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू या भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत होत्या, आणि त्यांची स्थानिक रूपे इतकी जवळ आली होती की शब्दाला शब्द ठेवत गेले तरी एका भाषेतले वाक्य दुसऱ्या भाषेत जवळजवळ जसेच्या तसे उतरत असे. या भागातला माणूस मराठीतून कन्नडमध्ये सहज जातो आणि इंग्रजीपाशी अडतो, यात त्याच्या बुद्धीचा काहीच दोष नाही. ‘मला’ आणि ‘माझ्याजवळ’ यांची सोबत त्याला पहिल्यांदाच सोडावी लागत असते.

‘हॅव’ नसलेल्या भाषा जगात पुष्कळ आहेत. रशियन माणूस सामान्यतः ‘माझ्यापाशी आहे’ अशा रचनेनेच बोलतो, आयर्लंडची आयरिश आणि फिन्लंडची फिनिश याही भाषा ‘असणे’ वरच भागवतात, आणि आपली संस्कृत तर ‘मम पुत्रः अस्ति’ असेच म्हणत आली. यावरून कोणी कोणी असा निष्कर्ष काढतात की ज्या भाषेत ‘हॅव’ नाही तिचे बोलणारे मालकीच्या मोहापासून दूर असतात. ऐकायला हे छान वाटते, पण मला ते मुळीच पटत नाही. मालकी, ताबा, कब्जा, वहिवाट, हक्क हे शब्द मराठीत किती धारदार आहेत ते बांधावरून कोर्टात गेलेल्या कोणत्याही दोन घरांना विचारावे. व्याकरण हे वाक्य कसे बांधायचे ते सांगते. बोलणाऱ्याचा स्वभाव त्यातून वाचू नये.

खुद्द इंग्रजीतही ‘हॅव’ हा काही आदिम कालापासूनचा शब्द नव्हे, ही गोष्ट मला पहिल्यांदा वाचली तेव्हा फार आधार देऊन गेली. ज्या मूळ इंडो-युरोपीय भाषेतून संस्कृत, लॅटिन आणि इंग्रजी या सगळ्या आल्या, तिच्यात ‘हॅव’च्या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद नव्हते आणि ‘मला आहे’ अशीच रचना असावी, असे तज्ज्ञ मानतात. लॅटिनमध्ये ‘मिही एस्त’ म्हणजे अक्षरशः ‘मला आहे’ ही जुनी रचना शेवटपर्यंत टिकून होती, आणि तिच्या शेजारी ‘हाबेओ’ हे क्रियापद हळूहळू बळावत गेले. इंग्रजीतला ‘हॅव’ जुन्या इंग्रजीतल्या ‘हाब्बान’वरून आला. त्याचे मूळ ‘पकडणे, हस्तगत करणे’ या अर्थाच्या धातूत आहे, आणि लॅटिनमधला त्याचा भाऊबंद ‘कापेरे’ हा आहे, ज्याच्यावरून ‘कॅप्चर’ आणि ‘कपॅसिटी’ हे शब्द निघाले. दिसायला सारखा असलेला लॅटिन ‘हाबेरे’ मात्र त्याचा नातलग नाही. पकडणे या क्रियेपासून पकडून ठेवलेले असणे, आणि तिथून नुसते असणे, असा हा अर्थाचा प्रवास झाला. एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञांनी 1960 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात असे दाखवले की ‘हॅव’ हे ‘अमक्याला असणे’ याचेच उलटे फिरवलेले रूप आहे: जो ‘ला’ घेऊन बाजूला होता त्याला कर्ता केले, आणि जे कर्ता होते ते कर्म झाले. मराठी विद्यार्थी ‘मला दोन भाऊ आहेत’ वरून ‘आय हॅव टू ब्रदर्स’ वर जातो तेव्हा तो हीच उलटापालट क्षणभरात करत असतो. युरोपातल्या भाषांना तिच्यासाठी शतके लागली. वर्गात कोणी अडखळले की मी हे आवर्जून सांगते.

‘आय हॅव रिटन अ लेटर’ यातला ‘हॅव’ मालकीचा नाही, तो फक्त काळ दाखवतो, असे आपण शिकतो आणि सोडून देतो. इतिहासात मात्र तोही मालकीतूनच निघाला आहे. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याकडे ते पत्र लिहिलेल्या स्थितीत आहे’ अशा धर्तीची वाक्ये असत. पत्र मध्ये येई, ‘लिहिलेले’ हे कृदंत त्याच्या मागून येई आणि त्याला बऱ्याचदा पत्राप्रमाणे प्रत्ययही लागे. पुढे कृदंत सरकून ‘हॅव’ला चिकटले, प्रत्यय गळाले आणि पूर्ण वर्तमानकाळ तयार झाला. मराठीत या काळाची घडण अगदी निराळी आहे, तरी एका ठिकाणी दोन्ही भाषा ओळखीच्या वाटतात. ‘मी पत्र लिहिले आहे’, ‘मी चिठ्ठी लिहिली आहे’, ‘मी चार पत्रे लिहिली आहेत’: आपले क्रियापद आजही लिहिणाऱ्याकडे न पाहता लिहिलेल्या गोष्टीकडे पाहते. संस्कृतमधल्या ‘मया पत्रं लिखितम्’ या रचनेचा हा वारसा आहे. इंग्रजीने जे प्रत्यय टाकून दिले तशा प्रकारची जुळणी मराठीने सांभाळून ठेवली आहे.

जेवणाच्या वाक्यांत ‘हॅव’ दोनदा येतो तेव्हा वर्गाला विशेष नवल वाटते. कोल्हापुरात दारात आलेल्या माणसाला “जेवलासा काय?” असे विचारतात, किंवा “जेवण झालं का?” असे, पहिल्यात विचारपूस माणसाची आणि दुसऱ्यात जेवणाची. इंग्रजीत हेच ‘हॅव यू हॅड युअर लंच?’ असे होते. यातला पहिला ‘हॅव’ काळाचा आणि दुसरा ‘हॅड’ खाण्याचा, आणि जवळ असण्याशी दोघांचाही काही संबंध उरलेला नाही. ‘आय हॅड मिसळ’ म्हणजे मी मिसळ खाल्ली. ‘हॅव अ सीट’ म्हणजे नुसते ‘बसा’. अशी वाक्ये मी समजावत बसत नाही, ती तोंडात बसवून घेते.

‘हॅव टू’ मात्र समजावण्यासारखे आहे, कारण तिथे मराठीत पुन्हा ‘मला’ परत येतो. ‘आय हॅव टू गो’ याला आपल्याकडे एक वाक्य नाही. रात्रपाळी लागली आहे आणि इलाज नाही, तर ‘मला जावे लागते’ किंवा ‘मला जावे लागणार’. ठरलेले काम आहे, तर ‘मला जायचे आहे’, आणि या वाक्यात कर्तव्यही असू शकते, बेतही असू शकतो आणि इच्छाही असू शकते. कोणते ते बोलण्याच्या सुरावरून कळते. मनाला पटलेली गरज आहे, तर ‘मला गेले पाहिजे’. यातल्या ‘पाहिजे’चा इतिहास सुंदर आहे: जुन्या मराठीत ‘इजे’ प्रत्यय लावून कर्मणी रूपे होत, त्यांतले हे एक शिल्लक राहिलेले रूप, आणि ‘म्हणजे’ हे दुसरे. इंग्रजीत ‘हॅव टू’ प्रामुख्याने बाहेरून आलेली सक्ती सांगते, म्हणजे ते ‘लागते’च्या जवळ आहे. नर्सिंगच्या एका मुलीने डॉक्टरांना ‘आय हॅव टू लर्न धिस’ असे मोठ्या उत्साहाने सांगितले आणि ते ‘तुमच्यावर सक्ती नाही’ असे म्हणाले, तेव्हा तिला वाईट वाटले. तिच्या मनात ‘मला हे शिकायचे आहे’ हे वाक्य होते, आणि त्याच्यासाठी ‘आय वाँट टू’ हवे होते. ‘जायचे आहे’, ‘शिकायचे आहे’ या रूपांचे इंग्रजी करताना तो ‘आहे’ नेमका कशाचा, हे प्रत्येक वेळी स्वतःला विचारावे लागते.

सगळ्यात शेवटी मी शिकवते तो ‘हॅव’ काम करवून घेण्याचा आहे, आणि मला तो सर्वांत आवडतो, कारण त्यात शब्दांचा क्रम बदलला की माणूस बदलतो. ‘आय हॅड मेड द चप्पल्स’ म्हणजे मी चपला बनवल्या होत्या. ‘आय हॅड द चप्पल्स मेड’ म्हणजे मी चपला बनवून घेतल्या, बनवणारा चर्मकार दुसराच आहे. कर्म मध्ये आणि कृदंत शेवटी, ही जुन्या इंग्रजीतल्या वाक्याचीच ठेवण. काळ दाखवणाऱ्या ‘हॅव’ने ती सोडली आणि करवून घेणाऱ्या ‘हॅव’ने ती ठेवली. मराठीत आपण या बाबतीत सैल असतो. गवंड्यांनी बांधलेल्या घराबद्दल ‘आम्ही घर बांधले’ म्हणतो, न्हाव्याकडून येऊन ‘केस कापले’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याचा गैरसमज होत नाही. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ असे म्हटले तर कात्री स्वतःच्याच हातात होती असा अर्थ होतो. ‘आय हॅड माय हेअर कट’ असे म्हणावे लागते. मराठीत नेमकेपणा हवा असेल तेव्हा ‘करून घेणे’ आपल्याकडे आहेच, आणि ‘हॅव’च्या या अर्थासाठी मला त्याच्याइतका चपखल प्रतिशब्द दुसरा माहीत नाही.

हुपरीच्या एका कारागिराला परदेशातल्या ग्राहकाला आपल्या पैंजणांबद्दल लिहायचे होते. त्याने दोन वाक्ये पुढे ठेवली, ‘आय हॅव मेड दीज ॲंकलेट्स’ आणि ‘आय हॅड दीज ॲंकलेट्स मेड’, आणि विचारले, “मॅडम, ह्यातलं कुठलं वाक्य माझ्या हातानं केलंय असं सांगतं?” मी पहिल्या वाक्याकडे बोट दाखवले. तो म्हणाला की घडण त्याचीच, पण पॉलिश दुसऱ्या घरातून करून आणतो, तेव्हा ते लपवायचेही नाही. मग आम्ही वाक्य केले: ‘आय मेड दीज ॲंकलेट्स अँड हॅड देम पॉलिश्ड’. त्याने ते वहीत उतरवून घेतले आणि खाली मराठीत लिहिले, ‘पैंजण मी घडवले आणि पॉलिश करून घेतले’. मराठी वाक्यात ‘ला’, ‘कडे’, ‘जवळ’ यांपैकी काहीच नव्हते, आणि ‘हॅड’च्या खाली त्याने स्वतःच रेघ मारून ‘करून घेतले’ हे शब्द जोडून टाकले होते.